माझा आळ उकंडरावांच्या डोळ्यांवर

मी बॅटरी बोलतेय. शहरात मला टॉर्च म्हणतात म्हणे, पण आमच्या वडनेर भोलजीत तसं म्हटलं तर शेंबडी पोरंही हसतील. इकडं मी बॅटरी, आणि माझ्या पोटात भरतात तो सेल. बंद पडलेली नाही मी, हे आधीच सांगून टाकते. बटण दाबा, लागते. लागते म्हणूनच तर सगळा घोळ झाला. एकदाची मेले असते तर एका भल्या माणसाची अब्रू वाचली असती.

मला तोंड दाखवायची लाज वाटते. पण तोंड दाखवणं हाच माझा धंदा, करणार काय!

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी मलकापुरात स्टेशनरोडवर मुजम्मिलभाईंच्या दुकानात काचेमागं उभी होते. ते दिवस बीटी कापसाच्या भरभराटीचे. नव्या बियाण्याला अळी लागत नाही, अशी जिकडंतिकडं वाहवा. दुकानासमोरून कापसाच्या गाड्या सरकी काढायला जिनिंगकडं जात, त्यांतून पुंजके उडत आणि आमच्या काचेला येऊन चिकटत. दुकानातला पोऱ्या रोज सकाळी शिव्या देत ती काच पुसायचा.

तिथं एके दुपारी उकंडराव आले. डोक्याला पांढरी टोपी, अंगात हाफ सदरा, खिशात तंबाखूची डबी. जिनिंगवाल्यांसाठी गावोगाव फिरून, घरोघरचा कापूस पाहून, कोणता घ्यायचा नि कोणता नाही हे ठरवायचं त्यांचं काम. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "भाई, याचा बल्ब किती दिवस चालते?"

मुजम्मिलभाई हसले. "दादा, यात बल्बच नाही. एलईडी हाये. हे एकतर लागते, नाहीतर लागत नाही. मधातलं काही नाही याच्यात. सेल कमजोर झाला तर माह्याकडे आणा, बदलून देतो. बाकी उजेड जनमभर तसाच."

लबाडी नव्हती हो त्यांच्या मनात. त्यांनाही कंपनीच्या माणसानं तसंच सांगितलं होतं. आणि खरं सांगू, ते ऐकून मीही फुगले. जनमभर तसाच! कोणाला आवडणार नाही?

आता उकंडरावांचं काम नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या भागात कापूस वेचून आणला की घरातल्याच एका खोलीत भरतात. पार आढ्याला लागेपर्यंत. त्या खोलीत दिवा न्यायचा नाही, बिडी ओढत जायचं नाही, बल्बसुद्धा बहुतेक जण लावत नाहीत. एक ठिणगी पडली की वर्षाची मेहनत भुर्रकन जाते. अशा अंधाऱ्या खोलीत उकंडराव मला घेऊन शिरत. खांद्यापर्यंत हात ढिगात खुपसत, आतला पुंजका ओढून काढत आणि माझ्या उजेडात धरत. धागा किती लांब, ओल किती, आणि कवडी आहे का. अळीनं खाल्लेल्या बोंडातला कापूस पिवळा पडतो, चिकटून घट्ट होतो, त्याला कवडी म्हणतात. वरून पांढराशुभ्र ढीग आणि आत कवडी, असं करणारेही असतात.

आणि एक नियम त्यांनी पाळला. दुसऱ्याच्या उजेडात माल पाहायचा नाही. त्यांच्या उस्तादानं त्यांना तसं बजावलं होतं. घरवाला कंदील दाखवील, पिवळा बल्ब लावील, पिवळ्या उजेडात पिवळी कवडी लपते. म्हणून उकंडराव खोलीत शिरताना म्हणत, "तुमचा उजेड बंद करा भाऊ, माही बॅटरी हाये." आणि सोनार जसा आपला काटा कोणाला हाताळू देत नाही, तसं मलाही ते कोणाच्या हाती देत नसत. घरी आले की बैठकीतल्या खिळ्याला टांगत. बायको रुक्मिणीबाई आणि मुलगी संजीवनी, दोघींनाही मला हात लावायची मुभा नव्हती.

काय ते दिवस होते! मी लागले की सगळी खोली लख्ख. आढ्याचं एकेक कोळिष्टक मोजून घ्या. उत्तमराव म्हणून एक बडे शेतकरी होते, ते तर पहिल्यांदा डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "अबे उकंड्या, बॅटरी आणली का सूर्य आणला रे!" मला इतकं हसू आलं, की थरथरले असेन. उकंडरावांनी ज्या ढिगाला बरा म्हटलं तो जिनिंगवर कधी वाईट निघाला नाही. लोक म्हणत, उकंडरावाच्या डोळ्याले तोड नाही. ते ऐकलं की मला वाटे, त्यात थोडी मीही आहे.

गर्वाचं घर खाली म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत इतकं हळूहळू खाली आलं, की आवाजसुद्धा झाला नाही.

माझ्या पोटात डाळीएवढा एक पिवळा ठिपका आहे. उजेड तिथून निघतो. तो जळून जात नाही, हे खरं. पण तापला की म्हातारा होतो. उकंडराव मला चैत्र-वैशाखात मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवत. घरी आले की चार्जिंगला लावून विसरून जात, मी तापत बसे. ठिपक्यामागची चंदेरी वाटी काळवंडली. तोंडावरचं प्लास्टिक ते रोज सदऱ्याच्या टोकानं पुसत, त्या टोकाला माती आणि सरकीची कूस लागलेली, त्यानं ओरखडे पडत गेले. रोज तिळाएवढा उजेड कमी. तिळाएवढ्यानं काय होतं? आणि कालचा उजेड कोणाला आठवतो? मलासुद्धा आठवत नव्हता. मला वाटे खोल्याच अंधाऱ्या होत चालल्यात.

एकदा त्यांना शंका आली. त्यांनी मला मुजम्मिलभाईंकडं नेलं. सेल खरंच थकला होता, भाईंनी नवा टाकला, मी थोडी उजळले. "झाली नवी," भाई म्हणाले. उकंडरावांनी मान डोलावली. त्यानंतर माझ्यावर शंका घ्यायला जागाच उरली नाही. सेल नवा, एलईडी जनमभराचा. मग दिसत नाही तर दोष कोणाचा?

डोळ्यांचा.

त्यांच्या मनात हे का बसलं, त्याला कारण होतं. त्यांच्या वडलांना रातांधळेपणा होता. दिवसा चांगलं दिसे, घरात बल्बाखाली दिसे, पण दिवेलागण झाली की बाहेर पाऊल टाकता येत नसे. लहानपणी उकंडराव त्यांना हात धरून नेत. गावातली माणसं मागून म्हणत, "रातांधळ्याची गाडी चालली." तो शब्द त्यांच्या काळजात काट्यासारखा रुतून बसलेला. आता कापसाच्या खोलीत धागा दिसेना, तेव्हा त्यांना वाटलं, बाबाचं आपल्यावर आलं.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडं गेले नाहीत, कारण दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच. संध्याकाळी बाहेर पडायचं मात्र त्यांनी बंद केलं. पारावर बसायला बोलावणं आलं तर म्हणत, "गुडघे दुखून राह्यले." आणि खोलीत कापूस पाहताना पुंजका नाकाशी नेऊन धरू लागले. मी जीव तोडून उजेड पाडायची. जीवच तेवढा नव्हता, काय पाडणार!

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. ज्या बीटीला अळी लागत नाही म्हणत होते, तिचीच बोंडं आतून पोखरली गेली. घरोघरच्या ढिगांत कवडी. अशा सालात खरं तर जास्त डोळसपणे पाहायला हवं होतं. नेमकी तेव्हाच मी नालायक ठरले.

जनकाबाई म्हणून गावातल्याच एक बाई. एकट्या शेती करणाऱ्या, अगदी सरळ. त्यांनी दारातच सांगितलं, "भाऊ, खालच्या थरात कवडी असंन. नीट पाहून घ्या, मांगून बोल नको मले."

उकंडराव आत शिरले. खालपर्यंत हात घातला, पुंजका काढला, माझ्यासमोर धरला. कवडीच होती हो ती! मुठीत मावणार नाही एवढी पिवळी. पण मंद उजेडात रंगच कळत नाहीत. पिवळं, पांढरं, सगळं राखेसारखं एक. उकंडरावांनी बराच वेळ पाहिलं. न दिसल्याचं कबूल करायला जीभ रेटली नाही. म्हणाले, "बरा हाये माल. भरा."

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या पटांगणात टेम्पो रिकामा झाला. उन्हात ढीग पसरला आणि सगळ्यांना दिसलं. तिथल्या माणसानं चारचौघांत दोन्ही हातांनी कवडी उचलून उकंडरावांसमोर धरली. "उकंडराव, डोळे गहाण टाकले काय?" हसले सगळे. मी त्यांच्या खिशात होते. ते हसणं कापडातून ऐकू येत होतं, आणि त्यांची छाती कशी धडधडते तेही. म्हणावंसं वाटलं, अहो, मला हसा, मला! पण आम्हांला वाचा कुठली.

टेम्पो परत गेला. जनकाबाई वाईट बोलल्या नाहीत, "म्या सांगतलं होतं ना भाऊ" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून उकंडराव कापूस पाहायला गेले नाहीत. मला खिळ्याला टांगलं ते टांगलं.

त्या संध्याकाळी त्यांनी रुक्मिणीबाईंना सांगितलं. भिंतीकडं तोंड करून बोलले. "बाबाचं आलं माह्यावर. अंधारात दिसत नाही मले."

रुक्मिणीबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग दार लावून घेतलं. "आता हे कोणापाशी बोलू नका. आपल्या संजूची बोलणी चालू हायेत. रक्तात हाये म्हणून लोक मांगं सरतात."

संजीवनीची बोलणी साखरखेर्ड्याच्या शंकररावांच्या घराशी चालू होती. मुलगा कुलदीप, तिथल्या बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला. पोरीला तो आवडला होता. ती कपडे शिवते, तो बघायला आला तेव्हाच त्यानं विचारलं होतं, "मशीन घेऊन येशाल ना? आमच्या माडीवर खोली रिकामी आहे, उजेड चांगला येतो." तेव्हापासून पोर मशीनवर बसली की गुणगुणत असायची. रुक्मिणीबाई चिडवत, "पाय मशीनवर अन् मन साखरखेर्ड्यात!"

एका रविवारी दुपारी शंकरराव चार माणसं घेऊन आले. सुपारी फोडायचीच बाकी होती. पोहे झाले, चहा झाला. तारखेचा विषय निघाला, आणि उकंडरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खिळ्यावरून पाहत होते. रुक्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी नाही नाही म्हणत होत्या.

"पावणे, एक सांगाचं राह्यलं," उकंडराव म्हणाले. "माह्या बाबाले रातांधळेपणा होता. आता मलेही दिसत नाही. पोरीले काही नाही, पण उद्या होईन का नाही, मी कसं सांगू? जिंदगीभर मी लोकाईचा कापूस पाह्यला. वरून चांगला अन् आत कवडी, असा ढीग कोणाचा चालू देला नाही. माह्याच घरचा कसा चालू देऊ?"

शंकरराव कपाच्या तळाशी उरलेला चहाचा गाळ पाहत बसले. मग म्हणाले, "बोललात ते बरं केलं. घरी विचारून कळवतो आम्ही."

चौथ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप आला. पोरगी लाखात एक, पण रक्तात खोट नको. संजीवनी तेव्हा कोणाच्या तरी पोलक्याला हुक लावत होती. ती उठली नाही, रडली नाही, हुक लावत राहिली. पण तिचं गुणगुणणं बंद पडलं ते पडलंच. गावातही बभ्रा झाला. आमच्या घराला आता रातांधळ्याचं घर म्हणू लागले.

आणि मी? मी खिळ्यावर लटकत होते, गुन्हेगार असून साक्षीदारासारखी. खरं सांगते, जळून कोळसा व्हावं असं वाटलं. पण मुजम्मिलभाईंनी म्हटलं तेच खरं, आम्ही जळत नाही.

पुढं काही दिवसांनी, साडेसातच्या सुमारास लाइन गेली. संजीवनी मशीनवर होती. तिच्या हातून सुई पडली. मोबाईलची चार्जिंग संपत आलेली, म्हणून तिनं अंधारात भिंत चाचपली आणि जन्मात पहिल्यांदा मला खिळ्यावरून काढलं. बटण दाबलं. जमिनीवर माझा ओशाळा उजेड पडला.

ती वाकली, शोधलं, आणखी वाकली. मग म्हणाली, "बाबा, या बॅटरीत तं काहीच दिसत नाही."

उकंडराव खाटेवर बसले होते. "नवा सेल हाये त्यात. तुह्या नीट ध्यानात येत नसंन."

"अहो, सुई सोडा, मले माहा पाय नाही दिसून राह्यला."

"असं कसं? मले दिसत नाही ते ठीक. तुले काऊन नाही दिसत?"

"नाही दिसत ना बाबा! मग काय, मीही रातांधळी झाली?"

स्वयंपाकघरात भांडं खणकन पडलं. रुक्मिणीबाई धावत आल्या. "अवं, असं अभद्र बोलू नको वं पोरी! एकाचं झालं ते पुरे नाही काय!" आणि तिथंच तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

संजीवनी मात्र रडली नाही. तिनं एका हातानं मला भिंतीवर धरलं आणि दुसऱ्या हातानं मोबाईलचा उजेड लावून शेजारी धरला.

देवा रे! भिंतीवर दोन गोल पडले. एक पांढराफेक, त्यात रंगाचे पोपडे, खिळ्याची भोकं, कॅलेंडरवरची तारीख, पळणारी पाल, सगळं कसं स्वच्छ. आणि शेजारी मी. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा डाग. इतकी वर्षं मी एकटीच होते, म्हणून मी किती मंद झालेय हे कळलं नव्हतं. त्या दिवशी मला माझं तोंड पहिल्यांदा दिसलं. नागडं केल्यासारखं झालं हो.

"बाबा, इकडे या. काय दिसते सांगा."

उकंडराव उठले. अंधारात उठायला घाबरणारा माणूस, पण सरळ चालत आला. मोबाईलच्या गोलाजवळ तोंड नेलं. "चतुर्थी कधीची हाये ते दिसते... खाली किराणावाल्याचं नाव... पालीचं शेपूट तुटलेलं हाये." मग माझ्या गोलाकडं पाहिलं. "अन् इथं काहीच नाही."

"मलेही इथं काहीच नाही. मायलेही नसंन. डोळे चांगले हायेत बाबा तुमचे. ही मेली बॅटरी गेली."

उकंडराव मटकन खाली बसले. आधी हसले. मग हसता हसता दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि एवढा थोराड माणूस हमसून हमसून रडला. "म्या माह्या तोंडानं पोरीचं लग्न मोडलं," एवढंच पुन्हा पुन्हा. रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले आणि लगेच त्यांचा हात ओढला. "आता रडून काय होते? फोन करा साखरखेर्ड्याले! सांगा, चूक झाली, डोळे ठणठणीत हायेत. पाह्यजे तं डॉक्टरचा कागद देतो म्हणा!"

उकंडरावांनी आपला साधा फोन हातात घेतलाही.

"नाही," संजीवनी म्हणाली. "कोणी फोन कराचा नाही."

"अवं पण..."

"बाबा, तुम्ही चुकले असान, पण खोटं नाही बोलले. घरात बसून स्वतःचं वाईट सांगणारा माणूस त्याहिनं पाह्यला, अन् चहा पिऊन चालले गेले. कुलदीपनंही एक फोन केला नाही. त्या घराले आता बॅटरीचा पुरावा दाखवाले जाता काय? उद्या मले खरंच काही झालं, तं मले कुठं ठेवतीन ते?"

तिचा मोबाईल तेवढ्यात विझला. मग अंधारात उकंडरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी अजून तिच्या हातात लागलेलीच होते, म्हणून तेवढं मला दिसलं.

उकंडरावांनी नवी बॅटरी आणली आहे. ते पुन्हा कापूस पाहायला जातात, आणि आता घरवाल्याचा उजेडही एकदा लावायला सांगतात. जनकाबाईंचा ढीग या साली त्यांनी दारात उन्हात आणून पाहिला. गावानं मात्र आमच्या घराचं नाव अजून बदललेलं नाही. डोळे चांगलेच होते म्हणून सांगत कुठं कुठं फिरणार?

मला त्यांनी फेकलं नाही. एक शिवी दिली असती, उकिरड्यावर भिरकावलं असतं, तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी माझं ओरखडलेलं तोंड पुसलं आणि रुक्मिणीबाईंच्या हाती दिलं. त्या मला घेऊन सांजेला खुराड्यात कोंबड्या मोजतात. माझ्या उजेडानं कोंबड्या बिचकतसुद्धा नाहीत. झोपतात बिचाऱ्या. तेवढीच आता माझी लायकी.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. लागते म्हणून तिच्यावर विश्वास टाकू नका. अधूनमधून तिला दुसऱ्या उजेडाशेजारी भिंतीवर धरून पाहा. आम्हांला आपणहून सांगता येत नाही, आणि तुम्ही माणसं इतकी साधी, की आमचा दोष आधी स्वतःच्या डोळ्यांत शोधता.

आणि एक विनंती होती. साखरखेर्ड्याकडं तुमचं कोणी ओळखीचं असेल, तर तिथं शंकररावांच्या घरी जाऊन एवढंच सांगा, की...

नाही, राहू द्या. संजीवनीनं नको म्हटलंय.